विसावा माणूस कामावर घेण्याआधी: छोट्या कारखानदारासाठी पीएफ, ईएसआय, बोनस आणि ग्रॅच्युइटी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझं मशिन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही टर्निंग-ड्रिलिंग करून परत पाठवतो. 2014 च्या जून महिन्यात पीएफचे अधिकारी आले तेव्हा माझ्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, सतरा नावं होती. वीसच्या आत आहोत म्हणून मी निर्धास्त होतो. त्यांनी मस्टर बाजूला ठेवलं आणि सरळ शेडमध्ये फेरी मारली. फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला, कंत्राटदाराची चार पोरं होती. रात्रीचे एक वॉचमन होते, त्यांना मी महिन्याला व्हाउचरवर पैसे द्यायचो. बेरीज झाली बावीस. "कंत्राटदाराची माणसं माझी कशी?" असं मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, "शेड कुणाची, काम कुणाचं?"

जुनी व्हाउचरं आणि बिलं काढून त्यांनी मागचे चौदा महिने मोजले. व्याज-दंड धरून रक्कम पाच लाखांच्या घरात गेली, आणि कामगारांचा हिस्सासुद्धा माझ्याच खिशातून गेला. ज्या महिन्यात कापायचा त्या महिन्यात कापला नाही, तर नंतरच्या पगारातून तो वसूल करता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून नवीन धंदा टाकणारा कुणी भेटला की मी त्याला समोर बसवून हे सगळं सांगतो. ते इथे क्रमाने लिहितोय. मी वकील नाही. गुंतागुंतीच्या प्रकरणात कन्सल्टंटची फी द्या, दंडापेक्षा ती स्वस्त पडते.

1. आधी डोकी मोजा

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि 29 जुने कायदे त्यांत गेले. पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा), ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम) आणि बाळंतपणाचे लाभ आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत, तर किमान वेतन आणि बोनस वेतन संहितेत. पण आकड्यांचे उंबरठे आपल्या ओळखीचेच आहेत:

- एक माणूस ठेवला तरी: किमान वेतन, व्यवसाय कर
- पाच: महाराष्ट्र कामगार कल्याण निधी
- दहा: ईएसआय, ग्रॅच्युइटी
- वीस: पीएफ, बोनस
- पन्नास: पाळणाघर

घोटाळा होतो तो मोजण्यात. पंधरा हजारांच्या वर पगार असलेला सुपरवायझर कदाचित पीएफचा सभासद होणार नाही, पण डोकं म्हणून तो मोजला जातो. अर्धवेळ येणारी अकाउंटंट आणि कंत्राटदाराची माणसंही मोजली जातात. गोकुळ शिरगावात दुसरं युनिट टाकलं असेल तर दोन्हीकडची माणसं एकत्र धरली जातात.

'ट्रेनी' या शब्दात बरेच जण फसतात. अप्रेंटिस कायद्याखाली रीतसर करार नोंदवलेला आयटीआयचा मुलगा पीएफ-ईएसआयमध्ये येत नाही. पण तुम्ही आपल्याच लेटरहेडवर 'प्रशिक्षणार्थी' असं लिहून ठेवलेला मुलगा तुमचा कामगारच असतो.

आणखी एक. एकदा पीएफ लागू झाला की पुढे माणसं पंधरावर आली तरी तो सुटत नाही. मंदीत माणसं कमी करून पीएफ बंद करू पाहणारे मी पाहिलेत. त्यांना नंतर मागच्या सगळ्या महिन्यांचा हिशेब द्यावा लागला.

2. कागद जमवा, मग पोर्टल उघडा

पीएफ आणि ईएसआयची नोंदणी श्रम सुविधा पोर्टलवर होते. बसण्याआधी एवढं टेबलावर असू द्या:

- फर्मचा किंवा कंपनीचा पॅन, भागीदारी करार किंवा स्थापनेचा दाखला
- जागेचा भाडेकरार किंवा लाइट बिल
- गुमास्ता किंवा कारखाना परवाना
- रद्द केलेला चेक
- मालकाची किंवा भागीदाराची डिजिटल सही
- कामगारांची यादी: नाव, रुजू तारीख, पगार

यादीतली रुजू तारीख सगळ्यात महत्त्वाची. कायदा लागू होतो तो उंबरठा ओलांडल्या दिवसापासून, तुम्ही नोंदणी केली त्या दिवसापासून नव्हे.

प्रायव्हेट लिमिटेड काढली असेल तर एक वेगळीच गंमत होते. 2020 पासून कंपनी स्थापन करतानाच पीएफ, ईएसआय आणि महाराष्ट्रात व्यवसाय कराचे क्रमांक मिळतात. सीएने पाठवलेल्या ईमेलमध्ये ते कुठेतरी पडून असतात आणि मालकाला त्यांचा पत्ता नसतो. मग दोन वर्षांनी तो पुन्हा नवीन नोंदणी करायला बसतो आणि एका कंपनीचे दोन कोड होतात. म्हणून आधी जुने ईमेल शोधा.

3. पगाराची चिठ्ठी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

माझ्या ओळखीच्या एका कारखानदाराकडे ऑपरेटरची पगारचिठ्ठी अशी होती: बेसिक 8,000, घरभाडे 6,000, वाहन भत्ता 4,000, इतर भत्ता 4,000, एकूण 22,000. पीएफ कापला जायचा 8,000 वर, म्हणजे 960 रुपये. कन्सल्टंटने "असंच चालतं" असं सांगितलेलं.

यात दोन खोट आहेत. पहिली म्हणजे किमान वेतन. महाराष्ट्रात मूळ वेतन अधिक विशेष भत्ता मिळून किमान वेतन होतं आणि विशेष भत्त्याचे दर दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतात. बेसिक त्याच्याखाली दाखवून वरची भर घरभाड्यात टाकली तर किमान वेतन दिलं असं होत नाही. आपल्या उद्योगाचा आणि आपल्या झोनचा चालू तक्ता प्रिंट काढून भिंतीला लावा.

दुसरी खोट 'इतर भत्ता'. 28 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जो भत्ता सगळ्यांना सरसकट, कामाचा जादा मोबदला म्हणून नव्हे, दिला जातो तो पीएफसाठी वेतनच आहे. नव्या संहितेची व्याख्याही त्याच दिशेने जाते. घरभाडं, वाहन भत्ता, ओव्हरटाइम, कमिशन अशा ठरावीक गोष्टीच वेतनातून वगळता येतात, आणि त्यांची बेरीज एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाली तर वरचा भाग पुन्हा वेतनात धरला जातो.

वरच्या चिठ्ठीत घरभाडं आणि वाहन मिळून 10,000 होतात. निम्म्याची मर्यादा 11,000, म्हणजे ते वगळता येतील. उरलं 12,000 आणि पीएफ झाला 1,440. दर महिन्याला एका माणसामागे 480 रुपये कामगाराचे आणि 480 मालकाचे कमी भरले जात होते. त्याच्याकडे अशी पस्तीस माणसं होती.

पगाराची रचना बसवताना मी उलटी सुरुवात करतो. आधी किमान वेतन, मग एकूण पगाराच्या निम्मं, यातला मोठा आकडा बेसिक-डीएमध्ये (मूळ वेतन आणि महागाई भत्ता) टाकायचा. घरभाडं वगैरे त्यानंतर. भत्त्यांची नावं शोधत बसायची गरजच पडत नाही.

4. माणूस रुजू होतो त्याच दिवशी

गेट उघडून माणूस आत आला की मशिनवर जाण्याआधी त्याचे कागद: आधार, पॅन, बँक पासबुक, आधीचा यूएएन (पीएफ सभासदाचा कायमचा क्रमांक) आहे का, आणि नामनिर्देशन. ऑगस्ट 2025 पासून नवीन यूएएन उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढावा लागतो. त्यासाठी त्याचा स्वतःचा मोबाइल आधारला जोडलेला हवा.

खरी डोकेदुखी नावांची. आधारवर 'दत्तात्रय', बँकेत 'दत्ता', शाळेच्या दाखल्यावर 'दत्तात्रेय'. आपल्याकडच्या बायकांचं तर विचारूच नका. आधारवर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, पॅनवर सासरचं आणि नवऱ्याचं. पोर्टल दोघींना वेगवेगळं माणूस समजतं. रुजू होतानाच आधार सुधारून घ्यायला लावा. पाच वर्षांनी पैसे काढायच्या वेळी हे निस्तरणं फार जड जातं.

आधी कुठे पीएफ होता का, हे दोनदा विचारा. जुन्या मालकाशी भांडून आलेला माणूस "नाही" म्हणतो आणि त्याचे दोन यूएएन होतात. शिवाय सभासद व्हायचं की नाही हे त्यावर ठरतं. पहिल्यांदाच नोकरीला लागला आणि पीएफचं वेतन 15,000 च्या वर असेल तर त्याला बाहेर राहता येतं. आधीपासून सभासद असेल तर राहता येत नाही.

ईएसआयचा विमा क्रमांकही त्याच दिवशी काढा. हे मी अनुभवाने सांगतो. एक मुलगा सोमवारी लागला, नोंदणी शनिवारी करू म्हणालो, आणि गुरुवारी ड्रिलमध्ये त्याचं बोट गेलं. खाजगी दवाखान्याचं सगळं बिल मी भरलं, वर उशीर का केला याची उत्तरं देत महिनाभर खेटे घातले. नोंदणी असती तर उपचार ईएसआयने केले असते. कामावरच्या अपघाताची भरपाईही त्यांच्याकडूनच मिळते आणि मालकावरचा तो बोजा उतरतो. ज्यांचा पगार 21,000 च्या वर असल्यामुळे ते ईएसआयमध्ये बसत नाहीत, त्यांच्यासाठी कामगार भरपाईची विमा पॉलिसी वेगळी घ्या. छोट्या शॉपमध्ये ही हमखास राहून जाते, आणि सेटिंग करायला मशिनमध्ये हात घालणारा नेमका तोच जुना, जास्त पगाराचा माणूस असतो.

5. दर महिन्याची 15 तारीख

मागच्या महिन्याचा पीएफ आणि ईएसआय, दोन्ही 15 तारखेच्या आत. 15,000 वेतनावर हिशेब असा येतो:

- कामगाराकडून 12 टक्के: 1,800
- मालकाचे 12 टक्के: 1,800. त्यातले 1,250 पेन्शनला, 550 पीएफला
- विमा योजनेसाठी अर्धा टक्का: 75
- प्रशासन शुल्क अर्धा टक्का: 75, पण पूर्ण आस्थापनेचं मिळून किमान 500

ईएसआयला कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. 18,000 वर 135 आणि 585.

ऑगस्टमध्ये एखाद्याला पगारवाढ देऊन तो 22,000 वर गेला, तर त्याच महिन्यात ईएसआय थांबवू नका. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन कालखंड असतात. चालू कालखंड संपेपर्यंत कापावंच लागतं.

पेन्शनचा एक बारकावा. 1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदाच सभासद झालेला आणि तेव्हाच 15,000 च्या वर वेतन असलेला माणूस पेन्शन योजनेत बसत नाही. त्याच्यासाठी मालकाचे पूर्ण 12 टक्के पीएफमध्येच जातात. सॉफ्टवेअरमध्ये ही खूण चुकीची पडली की वर्षानुवर्षं चुकीच्या खात्यात पैसे जातात.

मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. आणि कामगाराचा कापला पण भरला नाही, तर तो फौजदारी विश्वासघात ठरतो. कॅश-फ्लो अडला म्हणून पुरवठादाराचं बिल थांबवा, हे पैसे थांबवू नका. उशिराला वर्षाला 12 टक्के व्याज आणि त्याशिवाय महिन्याला एक टक्का नुकसानभरपाई लागते. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक दार बंद केलं होतं: त्या निकालानुसार कामगाराचा हिस्सा मुदतीनंतर भरला तर आयकरात तो खर्च म्हणून धरता येत नव्हता. तेव्हा एका वर्षी माझं पीएफचं चलन (पैसे भरल्याची पावती) 17 तारखेला गेलं. दोन दिवसांचा उशीर, पण सीएने ती सगळी रक्कम माझ्या उत्पन्नात मिळवली. आता मी 10 तारीख धरून चालतो. 15 ला पोर्टल आणि बँक दोन्ही रेंगाळतात.

कंत्राटदार असेल तर त्याच्या बिलासोबत त्याचं पीएफ-ईएसआयचं चलन आणि नावनिशी यादी मागा. नुसतं चलन पुरत नाही, कारण त्यात दुसऱ्याच साइटची माणसं असू शकतात. आपल्या गेटवरच्या हजेरीशी नावं ताडून पाहा, मगच चेक काढा. त्याने भरलं नाही तर वसुली तुमच्याकडून होते.

6. राज्याचे किरकोळ वाटणारे दोन कर

व्यवसाय कराचे दोन क्रमांक असतात. एक मालकाचा स्वतःचा, वर्षाला 2,500. दुसरा कामगारांकडून कापून भरण्याचा. पहिला काढून दुसरा विसरणारे खूप. पुरुषांना महिना 7,500 पर्यंत काही नाही, 10,000 पर्यंत 175, त्यावर 200 आणि फेब्रुवारीत 300. महिलांना 25,000 पर्यंत माफ आहे. सॉफ्टवेअरमध्ये 'स्त्री' ही नोंद नसल्यामुळे बायकांचे 200 कापलेले मी स्वतः परत केलेत.

कामगार कल्याण निधी वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या पगारातून: कामगाराचे 25, मालकाचे 75.

7. बोनस: दिवाळी वेगळी, कायदा वेगळा

वीस माणसं असतील आणि पगार महिना 21,000 पर्यंत असेल, तर वर्षात तीस दिवस काम केलेल्या प्रत्येकाला किमान 8.33 टक्के, कमाल 20 टक्के. हिशेब 7,000 किंवा किमान वेतन, यातलं जास्त असेल त्यावर. गल्लत इथेच होते. सगळ्यांना 7,000 धरून वर्षाचे साधारण सात हजार वाटले जातात. किमान वेतन 13,000 असेल तर तो आकडा 12,995 च्या आसपास जातो.

मुदत हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिने, म्हणजे 30 नोव्हेंबर. आपल्याकडे दिवाळीत देतातच. पण पाकिटात घालून मिठाईच्या बॉक्ससोबत दिलेले पैसे रजिस्टरवर आले नाहीत तर ते बोनस म्हणून दाखवता येत नाहीत. बँकेतून द्या आणि नोंदवहीत सही घ्या. नवीन कारखान्याला पहिली पाच वर्षं ज्या वर्षी नफा झाला त्याच वर्षाचा बोनस देणं लागतं. ही सवलत बऱ्याच जणांना माहीतच नसते.

8. ग्रॅच्युइटी आणि बाळंतपण

सूत्र सोपं आहे. शेवटचं मासिक वेतन भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. 13,000 वेतन असेल तर एका वर्षाचे 7,500. आठ वर्षं सात महिने काम केलं असेल तर सहा महिन्यांवरचा भाग पूर्ण वर्ष धरतात, म्हणून नऊ वर्षांचे 67,500. कमाल मर्यादा 20 लाख. पाच वर्षांची अट आहे, पण मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर ती लागत नाही. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्याला नव्या संहितेत एका वर्षानंतरच हक्क मिळतो, तेव्हा अकरा-अकरा महिन्यांची पत्रं देत बसलेल्यांनी आपल्या कन्सल्टंटशी आजच बोलावं.

ही रक्कम दर महिन्याला पगारातून 'ग्रॅच्युइटी' म्हणून कापणारे महाभाग आहेत. ती संपूर्ण मालकाची देणी आहे. तीन-चार जुनी माणसं एकदम निवृत्त झाली की छोटा कारखाना हलतो. मी दरवर्षी एका गट विमा योजनेत थोडे थोडे भरतो, त्यामुळे झोप लागते.

बाळंतपणाची रजा 26 आठवडे, आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केलेलं असेल तर. दोन मुलं असताना पुढच्या बाळंतपणाला 12 आठवडे. ईएसआय असलेल्या बाईचा पगार तिकडून येतो, नसलेल्या बाईचा तुम्ही द्यायचा. रजेवर असताना तिला काढून टाकता येत नाही.

9. माणूस सोडून जातो तेव्हा

राजीनामा असो वा काढून टाकलेलं असो, राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत. पूर्वीसारखं "पुढच्या महिन्याच्या सात तारखेला ये" म्हणायचं नाही. ग्रॅच्युइटी 30 दिवसांत. आणि पीएफ पोर्टलवर सोडल्याची तारीख टाका. ती टाकली नाही की त्याचे पैसे अडतात, आणि तो फोन तुम्हालाच करतो, तोही रोज.

जुने कागद टाकू नका. सुरुवातीला सांगितलेले वॉचमन, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, 2024 च्या मार्चमध्ये 58 वर्षांचे झाले. पेन्शनला दहा वर्षं लागतात. ते लागले होते जानेवारी 2014 मध्ये. पण त्या चौदा महिन्यांचा जुना हिशेब घाईने भरताना आमच्या कारकुनाने रुजू तारखेत 2015 टाइप केलं होतं. नऊ वर्षं दोन महिने दिसत होते. संयुक्त घोषणापत्र (मालक आणि कामगार दोघांनी मिळून करायचा दुरुस्तीचा अर्ज) भरून तारीख बदलायची तर पुरावा हवा, आणि मस्टरवर त्यांचं नाव मी मुद्दामच घातलेलं नव्हतं. माळ्यावरच्या पेटीत व्हाउचरांचं बाड सापडलं. जानेवारी 2014 चं व्हाउचर, एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प, त्यावर मामांची वाकडीतिकडी सही. तेच जोडलं.